अक्कांचं ओलं फडकं

अक्कांनी माझं पहिलं स्वागत केलं ते माझी बाही घासून. नोकरीचा पहिला दिवस होता. साताऱ्याहून निघताना आईने घेऊन दिलेला गडद निळा कुडता घालून मी टेस्टिंग लॅबच्या दारात उभी राहिले. सुती साडी, कपाळावर सरकवलेला चष्मा आणि पायांत कंपनीचे जाडजूड बूट अशा एक बाई खुर्चीतून उठल्या. टेबलाच्या खणातून त्यांनी पांढरं फडकं काढलं, प्यायच्या बाटलीतल्या पाण्याने भिजवलं, पिळलं, आणि माझा हात धरून बाहीवर खसाखसा चोळलं. फडक्यावर निळा डाग उमटला. त्याच्याकडे बघून त्या अगदी समाधानाने म्हणाल्या, "बण्ण बिडत्ते. रंग सोडतंय ग हे. इंटरव्ह्यूला पण हेच घातली होतीस काय?"

म्हैसूरच्या हेब्बाळ भागात, कारखान्यांच्या रांगेत आमची कंपनी होती. स्मार्टफोन बनवायची. आपल्या गावचा फोन म्हणून लोकांनी काही वर्षं तो कौतुकाने घेतलाही. बाजारात जाण्याआधी प्रत्येक नवं मॉडेल आमच्या लॅबमधून जायचं, आणि अक्का त्या लॅबच्या प्रमुख होत्या. फोन उंचावरून पाडायचा, वाफेत ठेवायचा, तापवायचा, किल्ल्यांबरोबर घुसळायचा, ही आमची कामं. अक्कांचं सांगणं एकच असे, "फोन चांगला हाय म्हणून दाखवायला पगार देत नाहीत आपल्याला. हा कुठं दगा देणार, ते शोधायला देतात." लॅबमधली पोरं पाठीमागे त्यांना 'ओद्दे बट्टे अक्का' म्हणत. ओद्दे बट्टे म्हणजे कानडीत ओलं कापड. अक्कांना हे ठाऊक होतं, आणि माझा संशय असा की त्यांना ते आवडतही होतं.

हे फडकं त्यांच्या घरातून आलेलं होतं. अक्का रंगाऱ्यांच्या. त्यांचं घराणं कधीकाळी म्हैसुरात येऊन कापड रंगवू लागलं आणि तिथलंच झालं. घरात मराठी, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपलं तरी कुणाला पत्ता लागत नसे. त्यांचे वडील, आप्पा, धंदा बसल्यावरही हौसेखातर परसात रंगाचा एक हंडा ठेवून होते. बाहेरून रंगवलेलं कापड घरी आलं की आप्पा आधी ओलं पांढरं फडकं त्यावर घासत, डाग पडतो का बघत, आणि मगच ते कापड आत घेत. त्यांचा दुसराही एक नियम होता. घरच्या कापडाला फडकं लावत नाहीत. आपल्या हंड्यातून निघालेल्या कापडावर फडकं घासायचं म्हणजे आपल्याच माणसाच्या हातावर अविश्वास दाखवायचा. तसं केलं की हंडा रुसतो म्हणे. मी एकदा विचारलं, "आणि घरचाच रंग कच्चा निघाला तर?" अक्कांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्याने पुढचा फोन पाडायला घेतला.

बाकी जगाला मात्र फडक्यापासून सुटका नव्हती. आईला म्हैसूरला आणायचं म्हणून मी घर शोधत होते, तेव्हा अक्का बरोबर आल्या. घरमालक मोठे मिठ्ठास. कावेरीचं पाणी, दिवसभर, धो धो, असं म्हणत होते. अक्कांनी "हौदा? हौदा?" म्हणजे "हो का? हो का?" करत त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि घरातले सगळे नळ एकदम उघडून स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. थोड्याच वेळात नळांनी माना टाकल्या. मालकांनी मोटार, टाकी, शेजारी अशा सगळ्यांवर खापर फोडलं. अक्का मला म्हणाल्या, "जो माणूस विचारायच्या आधीच उत्तर देतो नोडु, बघ, त्याच्याकडं नळ उघडायचा." घर मी तरीही घेतलं, कारण भाडं परवडणारं होतं. भाडं कमी का होतं हेही तोवर कळलेलंच होतं.

कंपनीचे दिवस फिरल्याची बातमी आम्हांला वर्तमानपत्राच्या आधी अक्कांकडून कळली. कॅन्टीनमधलं ताक पातळ झालं, तेव्हाच त्या म्हणाल्या की काहीतरी चुकतंय. मग दोन कंपनी बसच्या जागी एकच आली आणि आम्ही दाटीवाटीने यायला लागलो. मग नवं मॉडेल लांबलं. स्वस्त परदेशी फोनांनी बाजार भरून गेला होता, आणि आमचा फोन दुकानदार मागच्या फळीवर ठेवायला लागले होते. अक्का बाजारात गेल्या की मुद्दाम दुकानात शिरून आमचा फोन मागत आणि दुकानदार तो कुठून काढतो ते बघत. एकदा त्याने स्टुलावर चढून काढला.

आणि मग कॉम्प्युटरवाले आले. कॉम्प्युटर बनवणारी एक भलीमोठी कंपनी आम्हांला विकत घेणार, अशी कुजबुज होतीच. एके दिवशी गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली हसतमुख माणसं उतरली. त्यांनी प्रत्येक टेबलावर मिठाईचा एकेक डबा ठेवला. आम्ही डबे उघडले तर आत म्हैसूरपाक. म्हैसूरच्या माणसांना बाहेरून येऊन म्हैसूरपाक! अक्कांनी एक तुकडा उचलला, बोटांत चुरडला, वास घेतला आणि परत ठेवला. "मैसूरला मैसूरपाक घेऊन येतात, त्यांनी आपल्याविषयी काय अभ्यास केला असेल, सांग की. आणि तूप नाही ह्यात. नुसतं डालडा." पोरांनी डबे केव्हाच फस्त केले होते. पण त्या दिवसापासून लॅबमध्ये सगळ्यांचेच कान टवकारलेले राहायला लागले. कुणी छताकडे बघितलं तर वाटायचं छत पाडणार, कुणी हसून बोललं तर वाटायचं आता आपली गच्छंती.

पाहुण्यांपैकी एकजण वरचेवर येऊ लागला. नेहमी आकाशी शर्ट, हातात काही नाही. एका बाजूला उभा राहून आमचं काम बघायचा. अक्कांचा सगळा संशय त्याच्यावर एकवटला. त्या त्याच्या चहाच्या कपावरसुद्धा नजर ठेवून असत. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "तुम्ही आमचा फोन वापरता काय?" तो म्हणाला, "नाही मॅडम." "का?" "कॅमेरा बरा नाही." अक्कांनी मान हलवली, कारण कॅमेरा खरंच बरा नव्हता आणि त्यांनीच तो तीनतीनदा परत पाठवलेला. मग त्यांनी लॅबचं काय होणार ते विचारलं. तो म्हणाला, "मी तुम्हांला कसलंही वचन देऊ शकत नाही." तो गेल्यावर अक्का मला म्हणाल्या, "बघितलीस? तोंड शिवून ठेवलंय. ह्याच्या पोटात नक्की काहीतरी हाय." मलाही तसंच वाटलं. गोड बोलणारा लबाड, आणि गोड न बोलणारा महालबाड, असा आमचा त्या दिवसांतला हिशेब होता.

आमचे मालक मात्र ह्या सगळ्यातून वेगळे होते. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांनी कंपनी सुरू केली ती बेळगोळला, धरणाच्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, आणि त्या शेडमध्ये पहिला फोन पाडून फोडला तो अक्कांनी. सरांनी तेव्हा कौतुकाने टाळ्या वाजवल्या होत्या, हे अक्का अजून सांगायच्या. दसऱ्याला सर अक्कांच्या घरी जेवायला जात. आप्पा होते तोवर त्यांच्या शेजारी पाट मांडून बसत. आप्पा गेले तेव्हा सरांनी खांदा दिला होता. त्यामुळे सरांविषयी कुणी बारीकसं जरी वाकडं बोललं तरी अक्का म्हणत, "सुम्ने बस, गप. तो आपल्या घरातला माणूस हाय."

त्या वर्षीच्या आयुधपूजेला लॅब आम्ही झेंडूने भरून टाकली. फोन पाडायच्या यंत्राला हळदकुंकू लावलं, दारात कोहळा ठेवला. दरवर्षीप्रमाणे अक्कांनी घरून लाल कापड आणलं. आप्पांनी परसातल्या हंड्यात रंगवलेलं ते शेवटचं कापड. पूजेपुरतं यंत्रांखाली अंथरायचं, आणि पूजा झाली की घडी घालून पुन्हा पेटीत. देवाच्या कामाचं म्हणून त्याला कधी पाणी लागलेलं नव्हतं. त्या दिवशी सर आले, नमस्कार केला, आणि आम्हां सगळ्यांच्या चेहऱ्यांवरचा प्रश्न त्यांनी वाचला असावा. त्यांनी यंत्रावर हात ठेवला आणि कानडीत म्हणाले, "कंपनी कुणाचीही होवो, ही लॅब इथेच राहील. ही माणसं इथेच राहतील. अक्का, हा माझा शब्द." अक्कांचे डोळे भरून आले. बाहेर कोहळा फुटला आणि पोरांनी जल्लोष केला.

हा शब्द किती मोलाचा होता ते मला नीट माहीत होतं. हेब्बाळमधल्याच एका मोठ्या आयटी कंपनीने मला नोकरी देऊ केली होती, आणि हो की नाही ते लगेच सांगायचं होतं. लॅबमधल्या आणखी काही जणांना इकडून तिकडून बोलावणी आली होती. घरी आई होती, तिची औषधं होती, नुकतंच लावलेलं घर होतं. मी अक्कांकडे गेले आणि सांगितलं, "अक्का, मला कळत नाही. तुम्ही म्हणाल तसं." मला वाटलं होतं, त्या आता सगळे नळ उघडायला लावतील. पण त्या म्हणाल्या, "मातु अंद्रे मातु ग. शब्द म्हणजे शब्द. सरांनी आयुधांवर हात ठेवून दिलाय. घरच्या कापडाला फडकं लावत नाहीत." मी त्याच दिवशी नकार कळवला. बाकीच्यांनीही कळवला. आम्ही काही सरांच्या शब्दावर थांबलो नव्हतो. ज्या बाईंनी जन्मात कुणाची हमी घेतली नाही, त्यांनी पहिल्यांदा घेतली होती, म्हणून थांबलो.

व्यवहार झाला. पेढे आले, तेही बाहेरूनच. थोड्या दिवसांनी आकाशी शर्टवाला लॅबमध्ये आला, आणि ह्या वेळी तो बाजूला उभा न राहता अक्कांसमोर खुर्ची घेऊन बसला. लॅब बंद होतेय, असं त्याने सांगितलं. त्याच्या कंपनीला फोनचं नाव हवं होतं, आराखडे हवे होते. लॅब त्यांची स्वतःची दुसरीकडे होती. अक्का ताडकन उठल्या. "मला ठाऊक होतं, तुमच्या पोटात हेच होतं. सरांना कळू दे, सर हे होऊ देणार नाहीत." तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, लॅब बंद करूनच कंपनी आमच्या हातात द्यायची, हे तुमच्या सरांनी आधीच कबूल केलं होतं. तुमच्या पूजेच्या कितीतरी आधी. तुम्हांला अजून सांगितलेलं नाही, हे मला आजच कळलं."

अक्का पुन्हा खुर्चीत बसल्या. सरांना फोन लावायचा विचार माझ्या मनात आला, पण अक्कांनी तो लावला नाही, आणि पुढेही कधी लावला नाही. ज्याच्यावर आम्ही महिनोन्महिने डोळे वटारले होते, त्या माणसाचा रंग पक्का होता. त्याने वचन देता येत नाही म्हणून सांगितलं, आणि खरंच दिलं नाही. मला सरांचा राग आला, आकाशी शर्टवाल्याचा आला, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अक्कांचाही आला.

दुसऱ्या दिवसापासून अक्का माझ्या स्कूटरवर मागे बसू लागल्या. बेळगोळपासून हेब्बाळपर्यंत, जिथे जिथे काही तपासायचं, मोजायचं, पाडायचं काम चालतं अशा प्रत्येक कारखान्यात आम्ही गेलो. अक्का आत जाऊन ओळखीच्या माणसासमोर बसत आणि आमच्या एकेका पोराचं नाव घेऊन सांगत, "ह्याला मी घासून बघितलाय. घे." एका साहेबाने हसून विचारलं, "अक्का, तुम्ही आणि शिफारस?" त्या म्हणाल्या, "माझ्या शब्दावर थांबली होती पोरं. आता माझ्याच शब्दावर लागायला पायजेत." उन्हातान्हात हिंडून त्यांचा चेहरा काळवंडला. एकेक करत सगळे लागले. मला म्हैसुरात मनासारखं काही मिळेना, शेवटी पुण्याची नोकरी धरली. अक्कांना आकाशी शर्टवाल्याने स्वतःहून बेंगळुरूला बोलावलं होतं, चांगल्या जागेवर. "माणूस पक्का हाय ग तो," त्या म्हणाल्या, "पण आधी पोरं." पोरं लागून झाली, तेव्हा ती जागा भरून गेली होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले. लॅबमधलं त्यांचं सामान एका खोक्यात भरून ओसरीवर ठेवलेलं होतं. वर ह्या वर्षी लॅबमध्येच राहून गेलेलं आयुधपूजेचं लाल कापड आणि त्यावर पांढरं फडकं. त्यांनी पितळी पेल्यात कॉफी दिली आणि एकदम रागावल्यासारख्या म्हणाल्या, "एवढं तुला शिकवलं. सगळ्या जगाला फडकं लावायला शिकवलं. मग मी सांगितल्यावर तू सुम्ने कशी थांबलीस? मला का नाही लावलीस फडकं?"

"घरच्या कापडाला लावत नाहीत, अक्का."

त्यांनी पेला खाली ठेवला आणि पदराने चष्मा पुसला. "मुठ्ठाळ," त्या म्हणाल्या. कानडीत मूर्खाला म्हणतात, पण त्यांनी ते इतक्या हळू म्हटलं की मला रडू आलं. मग त्यांनी खोक्यातलं पांढरं फडकं उचललं, घागरीतल्या पाण्यात बुडवलं, पिळलं. मला वाटलं, जाता जाता पुन्हा माझी बाही घासणार. मी हात पुढे केलाही. पण त्यांनी आप्पांचं लाल कापड मांडीवर ओढून घेतलं.

"अक्का, नका," मी म्हटलं.

त्यांनी एका कोपऱ्यावर फडकं घासलं. एकदाच, हलकेच, एखाद्याचं कपाळ पुसावं तसं. फडकं उलटून पाहिलं. त्यावर लालभडक डाग होता. माझ्या त्या निळ्या कुडत्यानेही एवढा रंग सोडला नव्हता.

अक्का त्या डागाकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अय्यो आप्पा," त्या म्हणाल्या, "तुमचा पण?" मग त्यांनी कापड दोन्ही हातांनी झटकलं, काठ काठाला जुळवून घडी घातली, आणि आत नेऊन नेहमीच्या पेटीत, नेहमीच्या जागी ठेवलं.

"अजून ठेवणार तुम्ही ते?" मी विचारलं.

"मग? रंग सोडतंय, कळलं आता," पेटीचं झाकण लावत अक्का म्हणाल्या. "वेगळं धुवायचं. घरचं कापड टाकून देतात काय कुणी?"